भाऊजींची आंबट वाइन

पत्र:

ताई,

माझे मोठे दीर निवृत्त झाल्यापासून घरी वाइन बनवतात. कुटुंब जमलं की जेवणाआधी त्यांची बाटली उघडायची, हे आमच्याकडे ठरलेलं. बाटलीवर वहीच्या कागदाची चिठ्ठी असते आणि त्यावर त्यांच्या अक्षरात द्राक्षाचं नाव आणि बाटली भरल्याची तारीख. मी या संध्याकाळींची वाट बघायचे. गेल्या वर्षी हौसेनं वाइन चाखण्याचा एक अभ्यासक्रम केला आणि तिथून घोळ सुरू झाला. आता भाऊजींच्या वाइनचा पहिला घोट घेतला की मला फक्त व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हर जाणवतं. मागच्या वेळी त्यांनी 'कशी झालीय?' असं विचारलं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, 'भाऊजी, यात व्होलाटाइल ॲसिडिटी फार आहे.' ते 'असं का' म्हणाले आणि गप्प झाले. आता ते मला विचारत नाहीत आणि माझ्या ग्लासात जेमतेम ओततात. नवरा म्हणतो, वाइन तीच आहे, तू बदललीस. पुढच्या वेळी खोटं कौतुक करू? न पिताच बसू? की माझ्याकडून एक चांगली बाटली घेऊन जाऊ? आणि खरं सांगा, वाईट आहे हे कळल्यावर ती वाइन आवडीनं पिता येते का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत. हो, पिता येते. तिच्यात नेमकं काय बिघडलंय हे ठाऊक असतानाही येते. त्यासाठी शिकलेलं विसरायला नको आणि जिभेला फसवायलाही नको. तुमचं शिक्षण अर्ध्यावर थांबलंय, एवढंच झालंय.

चाखायला शिकवण्याची रूढ पद्धत आधी बघा. ती मुळात निवड करणाऱ्यांसाठी तयार झाली. खरेदीदार, स्पर्धेचे परीक्षक आणि बाटली गिऱ्हाइकापुढे जाण्याआधी तपासणारे लोक, यांना एका सकाळी ढीगभर वाइन चाखायच्या असतात आणि कोणती घ्यायची, कोणती परत पाठवायची हे ठरवायचं असतं. म्हणून ते घोट तोंडात घोळवून थुंकतात. म्हणून त्यांना दोष सगळ्यात आधी ओळखायला शिकवतात. हे कौशल्य खरं आहे, मोलाचं आहे आणि ते तुम्ही चांगलं आत्मसात केलंय, कारण तुमचं निदान अचूक आहे. पण भाऊजींच्या घरी तुम्ही खरेदीला गेलेल्या नसता. त्या बाटलीचा स्वीकार-नकार ठरवायचा नसतो, ती प्यायची असते. प्यायला बसलेल्या माणसाला दोष कळला की त्याचं काम संपत नाही, कारण ग्लासात अजून बरंच काही शिल्लक असतं.

आता त्या दोषाकडेच, व्होलाटाइल ॲसिडिटीकडे, म्हणजे सहज उडून नाकाला जाणवणाऱ्या आम्लाकडे जरा जवळून बघू. दारूवर जगणारे ॲसिटोबॅक्टरसारखे जिवाणू हवेतला प्राणवायू मिळाला की अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. त्यातलं काही आम्ल अल्कोहोलशी जोडलं जाऊन इथाइल ॲसिटेट तयार होतं. तो तुमचा नेलपॉलिश रिमूव्हर. लुई पाश्चर यांना तिसऱ्या नेपोलियननं १८६३ मध्ये वाइनचे हे 'आजार' अभ्यासायला सांगितलं आणि १८६६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक छापलं, इतका हा त्रास जुना आणि सार्वत्रिक. पण लक्षात घ्या, ॲसेटिक आम्ल नाही अशी वाइनच नसते. यीस्ट आंबवतानाच थोडं तयार करतं. युरोपीय संघाच्या नियमात लाल वाइनला लिटरमागे साधारण १.२ ग्रॅमपर्यंत मुभा आहे आणि अमेरिकेत १.४ ग्रॅमपर्यंत. म्हणजे प्रश्न आहे की नाही असा नसून किती आहे असा असतो. थोडं असेल तर तेच आम्ल फळाचा सुगंध वर उचलतं आणि वाइन जिवंत वाटते. जास्त झालं की नाकात टोचतं. भाऊजींची वाइन ही रेघ ओलांडून गेलेली आहे, पण ती त्याच रस्त्यावरची आहे.

या रेघेच्या पलीकडे गेलेल्या वाइनना लोकांनी डोक्यावरही घेतलंय. बोर्दोजवळच्या सेंत एमिलियाँमधली १९४७ सालची शेव्हाल ब्लाँ ही विसाव्या शतकातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनपैकी एक. त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता. द्राक्षं अतिगोड पिकली, गरमीत आंबवण आटोक्यात राहीना, काही साखर तशीच राहिली, अल्कोहोल चढलं आणि व्होलाटाइल ॲसिडिटी इतकी वाढली की आजच्या प्रयोगशाळेत ती बाटली सदोष म्हणूनच नोंदवली गेली असती. ती ज्यांनी चाखली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. भाऊजींची वाइन शेव्हाल ब्लाँ आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दोषाचं नाव सांगितलं म्हणजे वाइनबद्दल सगळं सांगून झालं असं होत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या वाइनची गोष्ट तर मला फार आवडते. त्या बेटावरची पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून जायची, जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने तापायची, हिंदकळायची. कुठल्याही पुस्तकाप्रमाणे वाइनचा सत्यानाश व्हायला हवा. पण परत आलेली पिंपं लोकांना न गेलेल्या पिंपांपेक्षा जास्त आवडली. मग मुद्दाम सफरीला पाठवणं सुरू झालं आणि पुढे जहाजाऐवजी घरीच वाइन तापवायची रीत पडली. आज मदेराची ओळखच ती करपलेली, सुक्या मेव्यासारखी चव आहे. शाम्पेनच्या बुडबुड्यांचंही तसंच. सतराव्या शतकात शाम्पेन प्रांतातल्या तळघरांत वसंत ऋतूत पुन्हा आंबायला लागून बाटल्या फुटायच्या आणि ते संकटच मानलं जायचं. काय बिघाड आणि काय वैशिष्ट्य हे ठरताना पिणाऱ्यांची सवय आणि माया यांचा वाटा मोठा असतो.

तुमच्या मनात येईल की हे सगळं ठीक, पण नाकाला जे टोचतं ते टोचतंच. बरोबर आहे. म्हणूनच रॉबर्ट हॉजसन यांचं काम तुम्हाला सांगते. हे गृहस्थ समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वाइन बनवणारे. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी आयोजकांच्या संमतीनं एक साधा प्रयोग केला. परीक्षकांपुढे येणाऱ्या ग्लासांत एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा ठेवायची आणि गुण किती जुळतात ते बघायचं. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अनुभवी परीक्षकांपैकी जेमतेम १० टक्के लोकांनी तिन्ही वेळा त्याच दर्जाचं पदक देण्याइतके जवळचे गुण दिले होते. बाकीच्यांपैकी काहींनी तर एकाच वाइनला एकदा डोक्यावर घेतलं आणि एकदा बाजूला सारलं. या निष्कर्षावरून 'वाइनचं सगळं ज्ञान थोतांड' असं म्हणणारे बरेच आहेत, ते मला पटत नाही. कारण त्याच अभ्यासात हेही दिसलं की न आवडलेल्या वाइनबद्दल परीक्षक स्वतःशी जास्त सुसंगत होते, आवडलेल्यांबद्दल कमी. म्हणजे दोष ओळखण्यात नाक बऱ्यापैकी पक्कं असतं. आवडणं मात्र सैल असतं. ते आधीच्या ग्लासावर, मूडवर, अपेक्षेवर, खोलीतल्या वातावरणावर हलतं.

आणि अपेक्षेची ताकद केवढी असते! बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. नाक तेच, वाइन तीच. डोळ्यांनी आधी सांगितलं आणि नाकानं मान डोलावली. तुमच्या बाबतीत हेच उलट्या दिशेनं घडतंय असं मला वाटतं. भाऊजींची बाटली उघडली की तुमच्या मनात व्होलाटाइल ॲसिडिटी हे लेबल घोटाच्या आधीच चिकटतं. मग बाकी काही पोचायला जागाच उरत नाही. नवरा म्हणतो ते अर्धंच खरं आहे. वाइन तीच असली तरी तुमचं नाक बिघडलेलं नाही, तुमचं लक्ष एका जागी अडकलंय.

लक्ष सोडवता येतं. त्यासाठी काही अगदी हातानं करायच्या गोष्टी आहेत.

पहिल्या घोटावर काहीही ठरवू नका. नाकाला एकाच वासाची सवय फार लवकर होते. इथाइल ॲसिटेटचा जो झणका पहिल्या हुंगण्यात येतो तो काही मिनिटांनी बराच सौम्य वाटायला लागतो, आणि त्याच्या मागे उभं असलेलं फळ पुढे येतं. आम्लही पहिल्या घोटाला सगळ्यात जास्त टोचतं, कारण जिभेला अजून अंदाज आलेला नसतो. तेव्हा पहिला घोट नुसता जाऊ द्या. त्याच्याबद्दल मनातल्या मनातही वाक्य बनवू नका. दुसऱ्या, तिसऱ्या घोटाला स्वतःला एकच विचारा: द्राक्ष कुठे आहे? ते जवळजवळ नेहमी सापडतं. घरच्या वाइनमध्ये तर विशेष सापडतं, कारण तिला ओकच्या पिंपाचा वास नसतो, कारखान्यातली सफाई नसते. द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा, देठाचा हिरवट कडवटपणा, पिकलेल्या फळाची गोड चाहूल, हे सगळं उघडंवाघडं असतं.

वाइन थोडी गार प्या. वासाचे रेणू गार द्रवातून कमी उडतात, त्यात नेलपॉलिशवालेही आले. चढलेलं अल्कोहोलही गार असताना नाकाला कमी लागतं. पण लाल वाइन असेल तर फ्रिजमधून थेट काढलेली नको, कारण फार गार केली की तुरटपणा आणि कडवटपणा वर येतो. पंधरा अंशांच्या आसपास ठीक. भाऊजींना सांगायची गरज नाही, बाटली उघडण्याआधी थोडा वेळ गार पाण्यात ठेवायचं काम स्वतःकडे घ्या. मोठ्या पोटाचा, तोंडाशी निमुळता ग्लास इथे नकोच. तो वास गोळा करून नाकात सोडण्यासाठी बनवलेला असतो आणि या वाइनला ती मदत नको आहे. साधा, उघड्या तोंडाचा पेला बरा.

आणि सोबत खा. वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं, खरखरीत होतं. खाण्यातली प्रथिनं आणि स्निग्धता असेल तर टॅनिनला चिकटायला दुसरं काही मिळतं. मीठ कडवटपणा दाबतं. आंबट वाइन तेलकट, खारट घासानंतर अगदी वेगळी लागते. तीच आम्लता आता तोंड धुऊन पुढच्या घासाला मोकळं करते. जेवणाआधी नुसती पिण्यापेक्षा जेवताना प्यायली तर ही वाइन तुम्हाला निम्म्यानं बरी वाटेल, हे मी खात्रीनं सांगते.

दोष सगळे सारखे नसतात हेही लक्षात असू द्या. कुजक्या अंड्यासारखा किंवा जळक्या काडीसारखा वास आला तर ग्लास चांगला फिरवा, हवा लागली की तो पुष्कळदा जातो. व्हिनेगरचा वास फिरवून जात नाही, त्याला थंडी, खाणं आणि वेळ हेच उपाय. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास आला तर तो बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनाचा. तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो आणि जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की तो स्वतःचा वास देण्याबरोबरच नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींचं कामच मंदावतो. म्हणून तशी वाइन नुसती घाण लागत नाही, मुकी लागते. तिच्यात द्राक्ष शोधत बसण्यात अर्थ नाही. ती खुशाल ओता. बिघडलेल्या वाइनमध्येही आनंद असतो असं म्हणताना मी प्रत्येक बाटली संपवायचा आग्रह धरत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. वाईट चव आणि धोका यांचा फारसा संबंध नसतो. व्हिनेगरकडे झुकलेली वाइन अपाय करत नाही. उलट १९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काही वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल घातल्याचं उघड झालं, तेव्हा ते घातलं होतं वाइन गोड आणि भारदस्त लागावी म्हणून. पुढच्याच वर्षी इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाइननं वीसहून जास्त माणसं मेली. ती पिताना कुणाला संशय आला नव्हता. भाऊजींच्या वाइनमध्ये द्राक्षं, यीस्ट आणि वेळ याशिवाय काही नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिच्याबद्दल निर्धास्त असा. धोका म्हणायचा तर तो अल्कोहोलचा, आणि तो चांगल्या बाटलीतही तेवढाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की मद्याची आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही. त्यामुळे तुमच्या ग्लासात जेमतेम ओतली जाते याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तेवढी पुरते. लक्ष देऊन प्यायला तर तेवढीच बरी असते. आणि एखाद्या संध्याकाळी नकोच वाटली तर नको म्हणण्यात कुणाचा अपमान नाही.

आता भाऊजींबद्दल. पत्रातला हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला.

त्या माणसानं चिठ्ठीवर तारीख लिहिलीय, हे बघा. इसवीसनपूर्व पहिल्या शतकात रोममध्ये होरेस नावाचा कवी होता. त्यानं आपल्या बलाढ्य आश्रयदात्याला, मायसेनसला, कवितेतून घरी बोलावलं आणि आधीच सांगून टाकलं: माझ्याकडे तुला साध्या पेल्यांतून स्वस्त सबाइन वाइनच मिळेल, तुझ्या घरी आहेत तशा नावाजलेल्या वाइन माझ्याकडे नाहीत. पण ही वाइन मी माझ्या हातानं ग्रीक घड्यात भरून सीलबंद केली, त्या दिवशी, ज्या दिवशी नाट्यगृहात लोकांनी तुझ्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला होता. मला यात वाइनबद्दल सांगण्यासारखं सगळं दिसतं. होरेस वाइन चांगली असल्याचा दावा करत नाही. ती हलकी आहे हे दोघांनाही माहीत आहे. तो फक्त सांगतो की ती कधी भरली आणि ती भरताना मनात कोण होतं. मायसेनसनं ती पिताना फालेर्नियन या त्या काळच्या नावाजलेल्या वाइनशी तुलना केली असेल असं मला वाटत नाही. तो त्या दिवसाची वाइन पीत होता.

भाऊजींच्या चिठ्ठ्या तुम्ही कधी नीट वाचल्यात का? कोणत्या दिवशी भरली, तेव्हा घरात काय चाललं होतं, ती द्राक्षं कुणी निवडली, तुमच्या मुलांनी तुडवायला मदत केली होती का, हे विचारा. मनापासून विचारा, कारण हीसुद्धा चव आहे. वाइनच्या व्यापारात यालाच फार महत्त्व दिलं जातं, कोणतं साल, कोणता उतार, कुणाचा हात. भाऊजींच्या बाटलीत ते सगळं आहे आणि सांगणारा समोर बसलाय. महागड्या बाटलीच्या बाबतीत हे भाग्य क्वचित मिळतं.

खोटं कौतुक करू नका. तुम्ही एकदा खरं बोलून बसलात, आता 'वा, काय सुंदर' म्हणालात तर ते त्यांना त्या वाक्यापेक्षा जास्त बोचेल, कारण त्यात कीव असेल. तुम्ही जे म्हणालात ते खोटं नव्हतं. चुकलं ते ठिकाण, आणि चुकली ती भाषा. सगळ्यांसमोर, बाटली उघडल्या उघडल्या, परीक्षकाच्या शब्दांत. शिवाय ती वाइन तेव्हा भरून, बुच मारून झालेली होती, म्हणजे त्यांना काहीच करता येण्यासारखं नव्हतं. ज्यावर इलाज उरलेला नाही असा दोष सांगणं कुणालाही गप्प करतं.

त्यांना एकटं गाठा, फोनवर नको, आणि सरळ सांगा: 'भाऊजी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते बरोबर केलं नाही. तुमची वाइन मला प्यायची आहे. आणि पुढची भरताना मला बोलवा.' या तिसऱ्या वाक्यासाठीच हे सगळं उत्तर लिहितेय असं समजा. तुमचं ज्ञान जेवणाच्या टेबलावर कुचकामी आहे, पण त्यांच्या बरण्यांपाशी ते सोन्याच्या मोलाचं आहे.

तिथे गेलात की काय बघायचं ते सांगते. व्हिनेगरचे जिवाणू प्राणवायूशिवाय काम करू शकत नाहीत. म्हणून आंबवण थांबल्यावर बरणी गळ्यापर्यंत भरलेली असायला हवी. वर हवेची पोकळी राहिली की तिथे सुरुवात होते. मोठी बरणी अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा छोट्या बरण्या काठोकाठ भरा. एअरलॉक म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी बरणीच्या तोंडावरची पाण्याची झडप, तिच्यातलं पाणी आटलंय का हे हौशी लोक सगळ्यात जास्त विसरतात, आणि आटलेला एअरलॉक म्हणजे उघडी खिडकी. फळमाश्या हे जिवाणू अंगावर घेऊन फिरतात, तेव्हा रस आंबत असताना भांड्यावर घट्ट विणीचं कापड हवंच. फुटलेली, बुरशी धरलेली द्राक्षं हातानं वेगळी काढा, हे कंटाळवाणं काम चार जण बसून गप्पा मारत केलं तर संध्याकाळ छान जाते. द्राक्षं चुरल्यावर जिवाणूंना आवरणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड वापरतात का ते विचारा. लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळेल एवढं घालायची हौशी वाइनकारांत सर्रास रीत आहे. प्रमाण पाकिटावर बघून आणि वजन करून घाला, अंदाजानं नको. आणि एक इशारा. झालेली आंबट वाइन खडूची पूड घालून सुधारायचा मोह त्यांना होईल. करू देऊ नका. ती पूड आधी टार्टारिक आम्ल खाते, म्हणजे वाइनचं चांगलं आम्ल जातं आणि व्हिनेगर जसंच्या तसं राहतं.

मागच्या वर्षीच्या ज्या बाटल्या अगदीच पलीकडे गेल्यात त्यांचं पूर्ण व्हिनेगर होऊ द्या, असंही सुचवून बघा. उघड्या तोंडाच्या बरणीवर कापड बांधायचं आणि वाट बघायची. चांगल्या वाइनचं बनवलेलं व्हिनेगर बाजारातल्यापेक्षा कितीतरी चविष्ट होतं, आणि 'हे भाऊजींचं' म्हणून ते तुमच्या स्वयंपाकात रोज लागेल.

तुमची बाटली घेऊन जाण्याबद्दल. न्या, पण त्यांची उघडायची त्या संध्याकाळी नको. निदान आधी तर नकोच. चांगल्या वाइननंतर लगेच वाईट वाइन आली की ती आहे त्याहून वाईट लागते, हे तुम्हाला अभ्यासक्रमात शिकवलं असेल, चाखण्याचा क्रम म्हणूनच हलक्याकडून भारी असा लावतात. पण खरं कारण हे नाही. तुमची बाटली टेबलावर आली की तिथे स्पर्धा लागते आणि भाऊजी ती हरणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापेक्षा ती बाटली त्यांच्या एकट्यासाठी न्या, वाइन भरायच्या दिवशी. त्यांनी वापरलेल्या द्राक्षाचीच निवडा. काम आटपलं की दोघं मिळून थोडी चाखा, आणि काय वाटतं ते या वेळी त्यांना विचारा. ते बोलायला लागले की मध्ये नवीन शब्द घालू नका.